घरच्या परीक्षेतला पर्यवेक्षक: लॅपटॉपला कॉपी खरोखर कळते का?

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी गेल्या महिन्यात माझ्याकडे आला आणि त्याने विचारले, "सर, परीक्षा चालू असताना रूममेट माझ्या पाठीमागून बादली घेऊन गेला, तर ती कॉपी धरतात का?" एका कंपनीच्या भरतीची पहिली परीक्षा त्याने खोलीतूनच दिली होती आणि पेपर चांगला गेला होता. दोन दिवसांनी आलेल्या मेलमध्ये गुणांचा उल्लेखच नव्हता. परीक्षेदरम्यान संशयास्पद हालचाली आढळल्यामुळे अर्जाचा पुढे विचार करता येणार नाही, एवढे एकच वाक्य होते. कोणत्या हालचाली, कोणत्या मिनिटाला, त्या कोणी पाहिल्या, हे विचारण्यासाठी त्या मेलला उत्तर पाठवण्याची सोयही ठेवलेली नव्हती.

त्याने कॉपी केली नाही, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कारण मी तिथे नव्हतो. पण त्याच्याविषयीचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्यापैकीही कोणी तिथे नव्हते. तिथे होता फक्त लॅपटॉपचा कॅमेरा, माइक आणि त्यांनी टिपलेल्या हालचालींवर खुणा करणारी एक संगणकप्रणाली. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत नोकरीसाठी धडपडणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना ही प्रणाली नेमके काय पाहते, काय पाहू शकत नाही आणि तिच्या सांगण्यावर किती विसंबावे, हे माहीत असायला हवे. मुलाखती घेणाऱ्यांना तर त्याहून अधिक माहीत असायला हवे, कारण निर्णय त्यांच्या हातात असतो.

प्रॉक्टरिंग म्हणजे काय?

परीक्षागृहातील पर्यवेक्षकाचे काम दूर बसून करण्याला प्रॉक्टरिंग म्हणतात. ते तीन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात एक जिवंत माणूस तुमच्याकडे कॅमेऱ्यातून पाहत असतो. दुसऱ्यात सगळे चित्रित करून ठेवतात आणि नंतर कोणीतरी तपासते. तिसऱ्यात पाहण्याचे काम संगणकच करतो आणि त्याला जे वेगळे वाटेल तिथे 'फ्लॅग', म्हणजे संशयाची खूण, लावून ठेवतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी या तिन्हींचे मिश्रण असते. पण परीक्षार्थींची संख्या हजारांत गेली की भार तिसऱ्या प्रकारावरच पडतो, कारण माणसे महाग पडतात.

ही व्यवस्था आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती करोनाच्या साथीत. पदवीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेशिवाय उत्तीर्ण करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले, आणि त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत विद्यापीठांना घरबसल्या परीक्षा घ्याव्या लागल्या. भरारी पथक पाठवता येत नव्हते, म्हणून त्याच्या जागी कॅमेरा आला. साथ ओसरल्यावर विद्यापीठाच्या परीक्षा वर्गात परतल्या, पण कंपन्यांच्या भरती परीक्षा, परदेशी शिक्षणासाठीच्या इंग्रजी चाचण्या आणि मुलाखतीच्या पहिल्या फेऱ्या घरातच राहिल्या.

यंत्राला काय दिसते?

परीक्षा सुरू होण्याआधी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांगतात आणि त्यावरील छायाचित्राशी तुमचा चेहरा ताडून पाहतात. मग लॅपटॉप हातात घेऊन खोली चहूबाजूंनी दाखवावी लागते. त्यानंतर एक कुलूपबंद ब्राउझर उघडतो, म्हणजे परीक्षा संपेपर्यंत दुसरे पान किंवा दुसरा प्रोग्रॅम उघडता येत नाही. परीक्षा चालू असताना प्रणाली नोंदी करत राहते: चेहरा चौकटीबाहेर गेला, चौकटीत दुसरा चेहरा आला, मान वळली, नजर बाजूला गेली, आवाज आला, इंटरनेट तुटले.

यातल्या नजरेबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. प्रणाली चेहऱ्यावरील काही बिंदू शोधते (डोळ्यांचे कोपरे, नाकाचे टोक, ओठांच्या कडा) आणि त्यांच्या परस्पर स्थितीवरून मान व बुबुळे कोणत्या दिशेला आहेत याचा अंदाज बांधते. साध्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात बुबुळ म्हणजे काही मोजक्या ठिपक्यांचा डाग असतो. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणी मान खाली घालून बसले आहे, एवढे आपल्याला दिसते. तो माणूस वर्तमानपत्र वाचतो आहे, मोबाइल पाहतो आहे की डुलकी काढतो आहे, हे त्या अंतरावरून कळत नाही. यंत्राला त्याहून अधिक काही कळत नाही. फरक एवढाच, की गच्चीवरच्या माणसाबद्दल आपण निष्कर्ष काढत नाही.

२०२१ मध्ये मी स्वतः असा पर्यवेक्षक होतो. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत विद्यार्थी दिसत आणि संशय आला की नावापुढे लाल खूण उमटे. एका मुलीच्या नावापुढे अशा खुणांची रांगच लागली, कारण ती सतत खाली पाहत होती. मी तिच्याविरुद्ध शेरा लिहिला. संध्याकाळी तिला फोन केला तेव्हा कळले, की घरात टेबल नसल्याने लॅपटॉप स्टुलावर होता आणि कच्चे काम ती मांडीवरच्या वहीत करत होती. पेपर गणिताचा होता आणि कच्च्या कामाला नियमांनुसार परवानगी होती. मी शेरा मागे घेतला. पण तो लिहिताना माझ्या मनात जराही शंका आली नव्हती, कारण लाल रंगाने माझे मत आधीच बनवून टाकले होते. ही गोष्ट मी आजपर्यंत विसरू शकलेलो नाही.

चेहरा ओळखण्यातही यंत्र सर्वांना सारखी वागणूक देत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१९ मध्ये चेहरा ओळखणाऱ्या अनेक प्रणाली तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच प्रणालींमध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांबाबत चुकीची जुळणी होण्याचे प्रमाण गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत दहापट ते शंभरपट आढळले. नंतर प्रणाली सुधारल्या असल्या, तरी एकाच ट्यूबलाइटच्या उजेडात, चकाकणारा चष्मा लावून, स्वस्त कॅमेऱ्यासमोर बसलेल्या सावळ्या मुलाला तो उजेड आणि तो कॅमेरा बदलून मिळालेला नाही. शिवाय पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार गुरुवार, आणि परीक्षेच्या वेळापत्रकाला ते ठाऊक नसते.

मग खरी कॉपी कशी होते?

कॉपी होते, आणि पुष्कळ होते. ते नाकारून काहीच साधणार नाही. चिठ्ठ्या, कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर ठेवलेला दुसरा मोबाइल, कानातले छोटे यंत्र, शेजारच्या खोलीत बसलेला मित्र हे जुने प्रकार आजही चालतात. नवा प्रकार समजून घेण्यासाठी एक तांत्रिक बाब माहीत असावी लागते.

आपण स्क्रीन शेअर करतो तेव्हा समोरच्याला आपल्या पडद्याची काच दिसत नाही. संगणक पडद्यावर जे रचतो त्याची एक प्रत बनवून पुढे पाठवतो, आणि त्या प्रतीतून एखादी खिडकी वगळण्याची सोय संगणकात मुळातच असते. ती चांगल्या हेतूने केलेली आहे, म्हणजे पासवर्ड किंवा खासगी मजकूर चुकून दुसऱ्याला दिसू नये म्हणून. २०२५ मध्ये अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने याच सोयीचा आधार घेऊन मुलाखतीत उत्तरे पुरवणारे साधन बनवले. उमेदवाराला ते आपल्या पडद्यावर दिसते, मुलाखत घेणाऱ्याला दिसत नाही. विद्यापीठाने त्याला निलंबित केले, पण तशी साधने त्यानंतर उघडपणे विकली जाऊ लागली.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. अशा साधनाची उत्तरे कॅमेऱ्याच्या अगदी खाली, पडद्याच्या वरच्या कडेशी दिसतात. ती वाचणाऱ्याची नजर सरळ समोर राहते, मान हलत नाही, ओठ पुटपुटत नाहीत. त्याच वेळी प्रामाणिक विद्यार्थी छताकडे पाहून आठवतो, खाली पाहून आकडेमोड करतो, ओठ हलवत प्रश्न वाचतो. म्हणजे जो तयारीने फसवतो तो यंत्राला निर्मळ दिसतो आणि जो विचार करतो त्याच्यावर खूण उमटते.

मोठे गैरव्यवहार तर बहुधा कॅमेऱ्याच्या टप्प्यातच येत नाहीत. २०२१ च्या जेईई मुख्य परीक्षेत हरियाणातील सोनीपतच्या केंद्रातील संगणक दुसरीकडून चालवून प्रश्न सोडवून दिल्याचा आरोप झाला, केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला आणि पुढच्या वर्षी त्या प्रकरणात एका रशियन नागरिकाला अटक झाली. आपल्या शिक्षक पात्रता परीक्षेतील घोटाळा पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघड केला. अपात्र उमेदवारांना पैसे घेऊन पात्र दाखवले गेल्याचे तपासात समोर आले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. परीक्षार्थीच्या डोळ्यांवर कितीही कॅमेरे लावले असते, तरी यातले काहीच दिसले नसते.

चाळणीचे गणित

तांदळाची चाळणी ज्यांनी हाताळली आहे त्यांना हे गणित लगेच कळेल. भोके मोठी ठेवली तर खडे तांदळाबरोबर खाली जातात. बारीक ठेवली तर खड्यांबरोबर चांगले दाणेही वर अडकतात. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणणारी चाळणी नसते. संशयाच्या खुणेचेही तसेच आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. १,००० विद्यार्थी परीक्षेला बसले आहेत आणि त्यांपैकी २० जण कॉपी करत आहेत. प्रणाली चांगली आहे असे धरू: कॉपी करणाऱ्या दर १०० पैकी ९० जणांना ती पकडते आणि प्रामाणिक १०० पैकी फक्त ५ जणांवर चुकीची खूण लावते. ऐकायला ही प्रणाली उत्तम वाटते. आता हिशेब करू. २० पैकी १८ जण पकडले गेले. उरलेल्या ९८० प्रामाणिक विद्यार्थ्यांच्या ५ टक्के, म्हणजे ४९ जणांवरही खूण लागली. एकूण ६७ जणांवर खुणा, त्यांत खरे दोषी १८. दर चार खुणांमागे जवळपास तीन निर्दोषांवर आहेत, आणि तेही प्रणाली चांगली असताना. कारण सरळ आहे: प्रामाणिकांची संख्याच इतकी मोठी आहे, की त्यांच्यातल्या थोड्यांबाबत झालेली चूकही दोषींच्या एकूण संख्येपेक्षा मोठी होते.

पुढचा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. एका पेपरला चुकीच्या खुणेची शक्यता ५ टक्के असेल आणि प्रत्येक पेपर स्वतंत्र धरला, तर पाच पेपरांत एकदा तरी खूण लागण्याची शक्यता २३ टक्क्यांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात मात्र पेपर स्वतंत्र नसतात. खोली तीच, दिवा तोच, रूममेट तेच आणि मान खाली घालून विचार करण्याची सवयही तीच. त्यामुळे चुकीच्या खुणा सर्वांवर सारख्या वाटल्या जात नाहीत; त्या पुन्हा पुन्हा त्याच मुलांवर पडतात. मग फाइल पाहणारा म्हणतो, "याच्यावर पाचही पेपरांत संशय आहे, म्हणजे नक्कीच काहीतरी असणार." एकच चूक पाच वेळा मोजली गेली, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

"ज्याने काही केले नाही, त्याने कशाला घाबरायचे?"

हा प्रश्न पालकांकडून हमखास येतो, आणि तो प्रामाणिकपणे विचारलेला असतो. न घाबरण्यासाठी एक गोष्ट आवश्यक असते: चूक झाली तर ती दुरुस्त होईल याची खात्री. परीक्षागृहात पर्यवेक्षकाने पेपर काढून घेतला, तर आपण तिथेच उभे राहून बोलू शकतो, शेजारचा विद्यार्थी साक्ष देऊ शकतो, केंद्रप्रमुखाकडे जाता येते. खुणेच्या आधारे पाठवलेल्या मेलशी बोलता येत नाही.

अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या वैद्यकीय शाखेने २०२१ मध्ये सतरा विद्यार्थ्यांवर ऑनलाइन परीक्षेत कॉपी केल्याचा आरोप ठेवला. आधार होता तो परीक्षेच्या वेळी अभ्यासाच्या संकेतस्थळावर त्यांच्या नावे झालेल्या हालचालींच्या नोंदींचा. अशा नोंदी विद्यार्थ्याने काहीही न करताही आपोआप होऊ शकतात, हे पुढे दाखवून दिले गेले आणि महाविद्यालयाला सतराही जणांवरील आरोप मागे घ्यावे लागले. मधल्या काळात ती भावी डॉक्टर मंडळी आपल्या घरच्यांना काय सांगत असतील, याची कल्पना कोणत्याही पालकाने करून पाहावी.

घर दाखवण्याचाही प्रश्न आहे. एका खोलीत चौघांचा संसार असलेल्या घरात कॅमेरा फिरवायला सांगणे, म्हणजे वाळत घातलेले कपडे, आजारी आजोबा आणि देव्हाराही अनोळखी माणसाला दाखवायला लावणे होय. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील एका संघीय न्यायालयाने २०२२ मध्ये क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाच्या खटल्यात असा निर्णय दिला, की परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्याने तपासणे ही घटनाबाह्य झडती आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि सरकारला त्यात हात घालायचा तर त्यामागे कायदा, खरी गरज आणि गरजेच्या प्रमाणातच उपाय असायला हवा, अशी कसोटी घालून दिली. खासगी कंपनीला ती कसोटी जशीच्या तशी लागू होत नसली, तरी महाविद्यालयांनी आणि कंपन्यांनी ती स्वतःला लावून पाहायला काय हरकत आहे?

मुलाखतीतला तोतया

ओळख पटवण्याचा प्रश्न पुण्याला नवा नाही. ज्यांच्या नावाने सदाशिव पेठ वसली ते सदाशिवरावभाऊ १७६१ मध्ये पानिपतावर पडले, आणि पुढे त्यांच्या नावाने एक तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत त्या प्रकरणाने पेशवाईला घोर लावला. भाऊंना ओळखणारी माणसे हयात असूनही लोकांचा त्याच्यावर विश्वास बसला. मग ज्याला आपण कधी पाहिलेलेच नाही, अशा उमेदवाराची ओळख पडद्यावरच्या चौकटीतून पटवणे किती अवघड असेल?

कंपन्यांची अडचण खरी आहे. एकाच्या नावाने दुसऱ्याने मुलाखत देणे हा प्रकार माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेची तपास संस्था एफबीआयने जून २०२२ मध्येच इशारा दिला होता, की चोरलेली ओळख आणि संगणकाने बनवलेला खोटा चेहरा वापरून लोक घरबसल्या नोकऱ्यांच्या मुलाखती देत आहेत. सायबर सुरक्षेचे प्रशिक्षण देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने जुलै २०२४ मध्ये स्वतःहून जाहीर केले, की चार व्हिडिओ मुलाखती आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊनही उत्तर कोरियाचा एक तोतया त्यांच्याकडे नोकरीला लागला होता. सुरक्षेचाच व्यवसाय करणाऱ्यांची ही गत असेल, तर इतरांनी सावध राहणे रास्तच आहे.

पण सावधगिरीच्या नावाखाली जे ठोकताळे वापरले जातात, ते आपल्या मुलांना विशेष भोवतात. प्रश्न विचारल्यावर उमेदवार दोन-तीन सेकंद थांबला, तर तो कानातले उत्तर ऐकत असावा असे काही जण धरून चालतात. लातूर-जळगावकडून आलेला मुलगा प्रश्न मराठीत समजून घेतो, उत्तर मराठीत जुळवतो आणि मग इंग्रजीत बोलतो. त्याला ते दोन-तीन सेकंद लागतातच. उत्तर पुस्तकी आणि गुळगुळीत आले, तर ते एआयचे असावे असेही मानतात. ज्या शिक्षणपद्धतीत व्याख्या शब्दशः पाठ केल्याशिवाय गुण मिळत नाहीत, तिथली मुले पुस्तकी बोलणारच. घोकंपट्टी हा दोष आहे, पण ती फसवणूक नव्हे. लिखाणावरून एआय ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांचा अनुभवही सावध करणारा आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात साधने तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी एआयचे ठरवले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही आपले तसे साधन जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून मागे घेतले.

नजरेचाही खुलासा इथेच करतो. कॅमेरा पडद्याच्या वरच्या कडेला असतो आणि मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा पडद्याच्या मध्यावर. जो उमेदवार आदराने समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलतो, तो पलीकडे नेहमी थोडा खाली पाहत असल्यासारखाच दिसतो.

"नोकरीत एआय वापरायचेच आहे, मग मुलाखतीत का नको?"

या आक्षेपात तथ्य आहे. कार्यालयात जे साधन रोज वापरायचे ते परीक्षेत निषिद्ध ठेवणे विसंगत वाटते. माझे मत असे, की प्रश्न साधनाचा नसून ठरलेल्या अटींचा आहे. एआय चालेल असे कंपनीने आधी सांगितले, तर ते उघडपणे वापरून दाखवावे आणि त्याने दिलेल्या उत्तरातल्या चुका पकडून दाखवाव्यात. ती उत्तम परीक्षा होईल. चालणार नाही असे सांगितले असेल, तर लपवून वापरणे ही फसवणूकच आहे, आणि ती फक्त कंपनीची होत नाही. त्याच जागेसाठी रात्र रात्र जागून तयारी केलेल्या, पेठेतल्याच कोणत्यातरी अभ्यासिकेत बसलेल्या मुलीची जागा त्यात जाते. अडचण तिसऱ्याच परिस्थितीत होते: बऱ्याच कंपन्या काहीच सांगत नाहीत आणि संशय मात्र घेतात.

कायदा काय सांगतो?

कायद्याचे चित्र तुकड्यातुकड्यांचे आहे. २१ जून २०२४ पासून लागू झालेला सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखण्याचा केंद्रीय कायदा केंद्रीय लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे व बँक भरती, राष्ट्रीय चाचणी संस्था अशांच्या परीक्षांना लागू आहे. संघटित गैरप्रकाराला त्यात पाच ते दहा वर्षे कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. त्याचा रोख टोळ्यांवर आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणांवर आहे. परीक्षार्थीवर कारवाई त्या त्या परीक्षेच्या नियमांनुसारच होते. आपल्या राज्यात विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांसाठी १९८२ चा कायदा आहे. खासगी कंपनीची भरती परीक्षा या दोन्हींच्या बाहेर राहते, पण दुसऱ्याच्या नावाने मुलाखत देणाऱ्याला मोकळीक नाही. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

परीक्षार्थीच्या बाजूने पाहता महत्त्वाचा आहे तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. तुमची कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे आधी सांगणे, ती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला सांगण्याचा हक्क देणे, तक्रारीची सोय ठेवणे, ही तत्त्वे त्यात आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. युरोपीय संघ याहून पुढे गेला आहे. चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर तिथे शिक्षणसंस्थांत आणि कामाच्या ठिकाणी, वैद्यकीय व सुरक्षेची कारणे वगळता, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, आणि परीक्षेतील गैरवर्तन शोधणाऱ्या प्रणाली कायद्याने उच्च जोखमीच्या वर्गात टाकल्या आहेत.

"मग कॅमेरा बंदच करायचा का?"

नाही. कॅमेरा असल्याने निष्काळजी कॉपी कमी होते आणि बसलेला माणूस तोच आहे याची प्राथमिक खात्री पटते. तेवढे काम त्याने करावे. माझा आग्रह एकच आहे: खूण हा चौकशीचा आरंभ आहे, तिला निकाल मानू नये. ज्याच्यावर खूण लागली त्याला चित्रणाचा तो भाग दाखवावा, त्याचे म्हणणे ऐकावे आणि दुसरा स्वतंत्र पुरावा नसेल तर शिक्षा करू नये. विद्यार्थ्यांनीही परीक्षेआधी नियम उतरवून ठेवावेत, खोलीत इतर लोक राहतात हे लेखी कळवावे, वीज किंवा इंटरनेट गेल्यास त्याच क्षणी मोबाइलवर वेळेसह छायाचित्र घ्यावे आणि नकार आल्यास कारण व चित्रण मागणारा मेल पाठवावा, मग उत्तर येवो वा न येवो.

काही मोठ्या संस्था परत समोरासमोर येऊ लागल्या आहेत. गूगलने मुलाखतीची किमान एक फेरी प्रत्यक्ष घेण्याचे ठरवल्याचे सुंदर पिचाई यांनी जून २०२५ मध्ये सांगितले, आणि लेखापालांची जागतिक संस्था एसीसीए हिने मार्च २०२६ पासून घरून परीक्षा देण्याची सोय, अपवाद वगळता, बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पण घरून मुलाखत बंद झाली, तर नांदेडच्या मुलाला रात्रभराचा बसप्रवास, राहण्याचा खर्च आणि घरच्यांचा बुडालेला रोजगार सोसावा लागेल. समोर बोलावायचे असेल, तर शेवटच्या फेरीतल्या मोजक्यांनाच बोलवावे आणि येण्याजाण्याचे भाडे कंपनीने द्यावे.

परीक्षा घरीच ठेवायची असेल, तर उपाय आपल्या जुन्याच पद्धतीत आहे: तोंडी परीक्षा. "हा प्रकल्प तू केलास ना, मग हा भाग असा का लिहिलास? ही अट काढली तर काय होईल? सुरुवातीला कुठे चुकलास?" स्वतः केलेल्या कामाबद्दल माणूस अडखळत का होईना, पण सांगतो, आणि त्याच्या चुकाही त्याच्याच असतात. पडद्यावर उमटणाऱ्या उत्तरावर विसंबलेला उमेदवार तिसऱ्या उपप्रश्नाला गडबडतो.

यावर परीक्षा विभाग म्हणतात, की इतक्या तोंडी परीक्षा घ्यायला मनुष्यबळ कुठून आणायचे. पण ती हजार जणांची घ्यायची नाही. वरच्या उदाहरणात खुणा ६७ जणांवर होत्या. प्रत्येकाला सात मिनिटे दिली तर ४६९ मिनिटे होतात, म्हणजे आठ तासांहूनही थोडी कमी. दोन शिक्षकांनी वाटून घेतले तर एका सकाळचे काम. त्या सात मिनिटांत १८ पैकी बहुतेकांचे बिंग फुटते, आणि उरलेल्या ४९ जणांचा निकाल राखून ठेवण्याचे कारण उरत नाही.